चढ पायथ्याशीच ठरतो

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख करून देताना तालुक्याच्या आधी एक गोष्ट सांगितली जाते : तो घाटावरचा की घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मुघलांच्या काळातही वऱ्हाडाची विभागणी पाईनघाट आणि बालाघाट अशीच होती. एक भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, दुसरा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या पठाराचा. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे आणि बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटरवर. राजूर घाटातून किंवा बोथ्याच्या घाटातून वर येणारी प्रत्येक गाडी हा फरक इंजिनाच्या जोरावर भरून काढते.

डांबरी घाटात हे काम सोपं केलेलं असतं. रस्ता आखणारे इंजिनिअर चढ शंभराला पाच ते सात-आठच्या आसपास ठेवतात, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच ते आठ मीटर वर. अंशांत सांगायचं तर जेमतेम तीन ते साडेचार अंश. वळणं देऊन रस्ता लांबवायचा आणि चढ सौम्य करायचा, ही घाटबांधणीची सगळी युक्ती. खरा चढ सुरू होतो तो डांबर संपल्यावर. शेतातून बरडावर चढणारा पांदण रस्ता, पाझर तलावाच्या भिंतीवर जाणारी मुरमाची वाट, जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्यात भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरीकडच्या वाटा. पायवाटेची बैलगाडीवाट होते आणि बैलगाडीवाटेवर जीप जाऊ लागते. मोजमाप घेऊन उतार कापणारा तिथे कुणी नसतो. पंधरा-वीस अंशांचा तुकडा अचानक समोर येतो. वीस अंश म्हणजे शंभराला छत्तीस, आणि तीस अंश म्हणजे शंभराला अठ्ठावन्न.

अशा चढावर हाताने गिअर टाकायची गाडी कशी न्यायची, हे शिकण्याचा पहिला हक्कदार मौजेला निघालेला हौशी माणूस नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या जिल्ह्याने अनेकदा वाचल्या आहेत. तिथे पोचणारी रुग्णवाहिका, वन खात्याची जिप्सी, बाजाराच्या दिवशी माणसं आणि पोती वाहणारी जीप यांच्या ड्रायव्हरांच्या हातात हे ज्ञान असतं. ते लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे अशा चढावर जाणाऱ्या गाडीची सुरुवात जीपपासून झाली. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला तीन गिअरांची पेटी होती आणि तिच्यामागे आणखी एक छोटी, दोन गतींची पेटी. ही दुसरी पेटी दोन कामं करायची : जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही द्यायचा, आणि हवं तेव्हा सगळे गिअर एकदम 'लो' करायचे. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, पुण्याच्या फोर्सची गुरखा, २०१० मधली आणि २०२० मधली थार या सगळ्यांच्या चारही चाकं ओढणाऱ्या, म्हणजे 'फोर बाय फोर' गाड्यांत हीच दुसरी पेटी आहे. ड्रायव्हरच्या शेजारी मोठ्या गिअरजवळ जो छोटा लिव्हर असतो, तो हिचा. नवशिका ड्रायव्हर वर्षभर गाडी चालवतो आणि त्या लिव्हरला हात लावत नाही. चढाचा अभ्यास मात्र तिथूनच सुरू करावा लागतो.

जरा हिशेब करू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन दोन हजार किलो आहे आणि चढ तीस अंशांचा आहे. अशा चढावर गाडीचं निम्मं वजन, म्हणजे एक हजार किलो, तिला सतत मागे ओढत असतं. डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटरचा पीळ देतं, जसा २०२० च्या डिझेल थारचा आहे. समजा साध्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सोळा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. मग चाकाच्या टोकाशी कागदावर साडेबाराशे किलोच्या आसपास जोर मिळतो. त्यातला काही गिअरांच्या घर्षणात जातो, काही भुसभुशीत मातीत. हातात जवळपास काहीच उरत नाही. आता छोटा लिव्हर 'फोर-लो'वर टाकला आणि हे प्रमाण अडीच पट वाढून चाळीसाला एक झालं, तर तोच जोर तीन हजार किलोंच्या वर जातो. इंजिन तेच, डिझेल तेच. वेग मात्र अडीच पट कमी होतो : इंजिन १६०० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी सहा किलोमीटरने चालते, झपझप चालणाऱ्या माणसाइतकी.

जोर मिळाला तरी तो जमिनीला लागला पाहिजे. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. वीस अंशांवर आखूड जीपचा साधारण साठ टक्के भार मागच्या चाकांवर येतो आणि पुढचं टोक हलकं होतं. नुसती मागची चाकं गाडी ओढत असतील तर त्यांना जमिनीची पकड त्यांच्यावरच्या भाराच्या ०.६ पटीच्या आसपास लागते. सुका, दाबलेला मुरूम तेवढी पकड कशीबशी देतो. वर सुटे गोटे आले की तीही जाते. चारही चाकं ओढत असतील तर तेवढ्याच चढाला ०.३६ पुरते. फोर बाय फोरचा सगळा फायदा या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. ओल्या काळ्या मातीवर हा दुसरा आकडाही गाठता येत नाही, तेव्हा तिथे कोणतीही गाडी आणि कोणताही ड्रायव्हर चढाला लावू नये.

इथे एक सावधगिरी. थार, जिप्सी, जुनी जीप यांची फोर बाय फोर पद्धत पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर ती जराशी घसरून हा फरक जिरवतात, पण कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि सगळा ताण गिअरांवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून राजूर घाटाच्या डांबरी वळणांवर गाडी फोर बाय फोरमध्ये चढवायची गरज नसते आणि चढवूही नये. माती लागली की लिव्हर टाकावा, डांबर लागलं की काढावा.

आता चढाच्या पायथ्याशी या. पहिलं काम गाडीतून उतरण्याचं. चढ पायी चढून बघायचा. चाकोरी कुठे खोल गेली आहे, पाण्याने कापलेला ओहोळ आडवा येतो का, मोठा दगड हलतो की रुतलेला आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर पोचल्यावर पुढे काय आहे. माथ्याशी गाडीचं नाक वर असतं आणि काचेतून फक्त आभाळ दिसतं. पलीकडे वाट लगेच डावीकडे वळत असेल किंवा सरळ खाली जात असेल, तर ते आधीच माहीत हवं. चाकं कुठून न्यायची ती रेषा मनात पक्की करायची आणि दुसऱ्या माणसाला वर उभं करायचं.

गिअर खालीच निवडायचा. जो टाकला, तोच वरपर्यंत ठेवायचा. मुरमाच्या, थोड्या भुसभुशीत पण सरळ चढाला 'लो'चा दुसरा गिअर बहुतेक वेळा बरा : पहिल्यात जोर इतका जास्त असतो की चाकं जागच्या जागी फिरतात. दगडांच्या पायऱ्यांसारख्या वाटेवर पहिला, कारण तिथे एकेका दगडावर चाक हळूच टेकवत न्यायचं असतं. छोट्या इंजिनाच्या पेट्रोल जिप्सीला जरा जास्त रेस लागते; डिझेल गाडी खालच्या फेऱ्यांवरही ओढते. मात्र डिझेललाही तळ आहे. १६०० फेऱ्यांवर मिळणारा पीळ हजाराच्या खाली मिळत नाही, तिथे इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं.

मधेच गिअर का बदलायचा नाही? बहुतेक ड्रायव्हर सांगतात की गाडी मागे येते. ते खरं आहे, पण किती लवकर येते हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. वीस अंशांच्या चढावर गाडी ताशी दहा किलोमीटरने चढते आहे. क्लच दाबला की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. चढाची ओढ आणि मातीचा अडसर मिळून गाडी पाऊण सेकंदात पूर्ण थांबते. सराईत हातालाही तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकून क्लच सोडायला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे गिअर पडेपर्यंत गाडी थांबून मागे सरकायला लागलेली असते. त्याच वेळी क्लच सोडला तर पुढे जाऊ पाहणारा गिअर आणि मागे येणारी गाडी यांची झुंज क्लचप्लेटवर होते. जळका, तिखट वास येतो. तो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरण्याची सवय असलेल्या माणसाची प्लेट एका दुपारीतही जाऊ शकते.

म्हणून चढ सुरू झाला की डावा पाय क्लचवरून उचलून खाली पायपट्टीवर ठेवायचा. क्लचवर नुसता टेकवलेला पायही धक्क्याने दाबला जातो. उजवा पाय एकसारखा. खड्ड्यात चाक उडालं म्हणून तो पायही उडता कामा नये. चाकं फिरायला लागली, तर रेस वाढवून उपयोग नाही. फिरणारं चाक मुरूम उकरतं, खड्डा करतं आणि गाडीला त्यात बसवतं. रेस किंचित कमी करायची आणि स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे पुढच्या टायरच्या कडेला नवी जमीन मिळते. तरी गाडी पुढे जाईना, तर चढ सोडायचा. ही वेळ ओळखणं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण माथा तेव्हा दहा हातांवर दिसत असतो.

आणि इथून पुढचा भाग कुणी शिकवत नाही. चढ चुकला तर काय करायचं, हे ज्याला येत नाही त्याने चढाला गाडी लावू नये, इतकं माझं मत ठाम आहे. वर जाणाऱ्या गाडीचे अपघात बहुधा चढताना होत नाहीत. ते अर्ध्यावर अडकल्यानंतरच्या दहा सेकंदांत होतात. घाबरलेला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो : क्लच दाबून न्यूट्रलवर मागे येतो, किंवा गाडी वळवायला बघतो.

पहिली गोष्ट घ्या. न्यूट्रलवर सुटलेली गाडी वीस अंशांवर तीन सेकंदांत ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने उलटी खाली येते. ब्रेक दाबला तर पुढची चाकं, जी आधीच हलकी झालेली आहेत, लगेच अडकतात आणि घसरतात. घसरणारं चाक दिशा देत नाही. नाक एका बाजूला फिरतं, गाडी आडवी होते. दुसऱ्या गोष्टीतही शेवट तोच, फक्त माणूस तो स्वतःच्या हाताने घडवतो. तीस अंशांच्या उतारावर आडवी उभी असलेली गाडी स्थिर उभी राहील असं गणित सांगतं. पण खालच्या बाजूचं टायर दबतं, स्प्रिंग दबते, वरचं चाक एखाद्या दगडावर चढतं आणि टपावर पोती बांधलेली असतात. मग ते गणित उरत नाही. चढावर गाडी नाकासमोर सरळ वर जाईल किंवा सरळ मागे येईल. तिसरी दिशा नाही.

योग्य रीत मी जळगाव जामोदच्या वर सातपुड्यात, एका जुन्या डिझेल जीपमध्ये शेजारी बसून पाहिली. चढावर गाडी गचके खाऊन बंद पडली. ड्रायव्हरने उजव्या पायाने ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला, हँडब्रेक खेचला. इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्येच. मागे बसलेल्यांत कुणीतरी दाराला हात लावला, तसा तो म्हणाला, "भाऊ, दार नका उघडू, बसून राहा. कोणी हलू नका." मग सावकाश क्लच दाबून त्याने रिव्हर्स गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि डावा पाय बाजूला घेतला. दोन्ही आरशांत पाहिलं, स्टिअरिंग सरळ आहे याची खात्री केली. हँडब्रेक सोडला, मग ब्रेकवरचा पाय हळूहळू हलका केला. गाडी मागे सुटली नाही. बंद इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर ती अडून राहिली. मग त्याने क्लच न दाबता किल्ली फिरवली. स्टार्टरने इंजिन फिरवलं, गाडी दोन हात मागे सरकली, इंजिन लागलं आणि 'लो' रिव्हर्समध्ये गाडी चालत्या माणसाच्या गतीने खाली उतरू लागली. त्याचे दोन्ही पाय मोकळे होते. "मधात क्लच दाबला का गाडी गेली," एवढंच तो खाली आल्यावर बोलला.

यातली प्रत्येक कृती कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच शिल्लक असतो. ब्रेक पंप केला तर तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणून एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा. हँडब्रेकची मदत घ्यायची, पण एकट्या त्याच्यावर भरवसा नाही. रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर चाकांना फिरायचं झाल्यास इंजिनही फिरवावं लागतं, आणि 'लो'मध्ये हा अडसर साध्या गिअरच्या अडीच पट असतो. गाडी पुढच्या गिअरमध्ये ठेवून मागे येऊ द्यायची नाही, कारण मग इंजिन उलटं फिरतं. ते त्यासाठी बनवलेलं नाही. आताच्या पुष्कळ गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे ब्रेक घट्ट धरून, क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि मगच ब्रेक हलका करायचा. क्रम हाच : क्लच आधी सुटतो, ब्रेक नंतर. हे आधी छोट्या, मोकळ्या, सरळ उतारावर पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पाडावं. खऱ्या चढावर आठवायला वेळ नसतो.

टायरमधल्या हवेचं महत्त्व लोक विसरतात. रस्त्यावर तीस-बत्तीस पौंड हवा असते. मुरमावर आणि गोट्यांवर ती अठरा-वीसवर आणली की टायर पसरतं, जास्त जमीन धरतं, दगडावर उडत नाही. परत डांबराला लागण्याआधी हवा भरावीच लागते; कमी हवेच्या टायरने वेगात गेलं तर ते तापून फुटतं. गाडीत छोटा कॉम्प्रेसर नसेल तर हवा काढू नये, कारण पंक्चरवाल्याचं दुकान जंगलात नसतं. जुन्या गाड्यांच्या डिफरन्शियलचा दोषही माहीत असावा : एक चाक अधांतरी राहिलं की जोर त्याच चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचं चाक उभं राहतं. गुरखात दोन्ही आसांना लॉक आहेत, तिथे ड्रायव्हर हे थांबवू शकतो. बाकीच्यांनी चाक उचललं जाणार नाही अशी रेषा पायी फिरतानाच निवडायची.

डांबरी घाटातही चढाचं एक तत्त्व कायद्यानेच मान्य केलेलं आहे. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. चढणारा एकदा थांबला तर त्याला पुन्हा हँडब्रेकवर, क्लच घासत गाडी उचलावी लागते. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो. भरलेला ट्रक राजूर घाटात वर येताना दिसला आणि समोरच्या कारने हट्टाने नाक घुसवलं, तर त्या ट्रकच्या क्लचवर आणि मागच्या पंधरा गाड्यांवर काय वेळ येते, ते घाटात रोज जाणाऱ्यांना माहीत आहे.

बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अभयारण्य १९९७ सालचं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. तिकडे संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा आहे. दोन्हीकडे मोहात पाडणारे चढ आहेत आणि दोन्हीकडे रस्ता सोडून गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, गरागरा फिरलेल्या चाकाने उकरलेली चाकोरी पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ होते आणि वरची पातळ माती घेऊन खाली जाते. पांदण रस्त्यावर तेच होतं, आणि तिथे नुकसान त्या शेतकऱ्याचं असतं ज्याला दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर त्याच वाटेने काढायचा आहे.

म्हणून पावसाळ्यात या वाटांचं वेळापत्रक वेगळं असतं. मुरमाचा चढ पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं की लवकर सुकतो, पाणी खाली निघून जातं. पायथ्याची काळी माती मात्र वरून सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. चढाला लागण्याआधीच ती टायरच्या खाचांत भरते आणि नवं टायर गुळगुळीत होऊन मुरमाशी पोचतं. अशा वेळी चढाच्या पायथ्याशी थांबून, पान्ह्याने किंवा काठीने खाचांतली माती काढून मगच गाडी वर लावतात. सातपुड्याच्या वाटांवरच्या जीपमध्ये सीटखाली एक टोकदार लोखंडी सळई ठेवलेली दिसते, ती याचसाठी.